फळीवरची पाच बटणं

व्यायामाच्या खोलीत मावशीच्या पुढ्यात ती फळी ठेवली गेली. तिनं फळीकडे एकदा पाहिलं आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याला म्हणाली, "अहो, उठा. घरी चला."

फळी साधीच होती. वहीएवढं लाकूड, त्यावर जाड निळ्या कापडाच्या दोन पट्ट्या स्क्रूनं बसवलेल्या. एका पट्टीवर पाच बटणं, दुसरीवर पाच काजं. उजव्या हातानं एकेक बटण काजातून घालायचं, एवढाच व्यायाम. दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावरच्या त्या लांबट खोलीत असल्या बऱ्याच वस्तू होत्या. दाबायचे चेंडू होते, ओवायचे मणी होते, एका भिंतीला नुसत्याच कड्या आणि कुलपं होती. हात परत शिकवायची शाळाच ती.

"काय झालं, मावशी?" व्यायाम घेणाऱ्या मुलीनं विचारलं. पंचविशीची असेल-नसेल, पण साठी-सत्तरीचे पेशंटसुद्धा तिला ताई म्हणायचे.

"चौतीस वर्षं मी काजंच केली," मावशी म्हणाली. "आता बटण लावायला तुझ्याकडे शिकू होय?"

खोटं नव्हतं ते. शिंप्यांच्या गल्लीत तिला सगळे काजमावशी म्हणत. सगळा कपडा तिनं कधी शिवला नाही. कापणारे वेगळे, शिवणारे वेगळे, बाह्या जोडणारे वेगळे. तिच्याकडे कपडा शेवटी यायचा, बंद करता यावा म्हणून. कापडाला नेमकी चीर द्यायची आणि तिच्या कडेनं मेण लावलेल्या दोऱ्याचे टाके इतके दाट घालायचे, की ती चीर पुढे वर्षानुवर्षं उसवता कामा नये. मशीन आल्यावर सदरे मशीनकडे गेले. कोट मात्र तिच्याकडे राहिले, कारण गल्लीतले सगळ्यात जुने टेलरमास्तर म्हणायचे, "कोटाला मशीनचं काज म्हणजे बोलताना तोतरेपणा."

सात आठवड्यांपूर्वी एका सकाळी तिच्या हातातून सुई पडली. ती उचलायला वाकली. सुई दिसत होती, बोटं सुईपर्यंत पोचलीही होती, पण उचलणं काही त्यांना आठवेना. मेंदूतल्या एका बारीकशा शिरेनं दगा दिला होता. पाय वाचला, बोलणं वाचलं, उजवा हात तेवढा गेला. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, नशीब चांगलं. शेवटी ती वैतागून म्हणाली, "एवढं चांगलं होतं तर डावा हात धरायचा होता त्यानं."

नवरा रंगारी. आता कामावर जात नसला तरी माणूस रंगारीच. तिचे केस विंचरायला बसला की विचारायचा, "एक हात पुरे का दोन मारू?" पहिल्या आठवड्यात ती हसली. पुढे हसेनाशी झाली. बाटलीचं झाकण उघडायला दोन हात लागतात, हे इतक्या वर्षांत तिच्या लक्षातच आलं नव्हतं. टॉवेल पिळायला लागतात. उशीला अभ्रा घालायला तर तीन लागतात. रोज सकाळी तिच्या स्वेटरची बटणं तोच लावायचा आणि त्या वेळी ती खिडकीबाहेर बघत राहायची.

त्यातच मास्तरांचा निरोप आला. सात कोट काजांवाचून टांगून पडलेत, गिऱ्हाइकांना कसंबसं थोपवलंय. महिनाअखेरपर्यंत वाट बघतो, मग मात्र मशीनवाल्याकडे द्यावे लागतील. मास्तर वाईट माणूस नव्हता. म्हणून तर तो निरोप जास्त लागला.

"काजं गेली तर मी कोण हो?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"माझी बायको."

"ती आधीपासून होतेच. तिला कोण विचारतं?"

तर अशा बाईपुढे ती फळी ठेवली होती. नवरा काही उठला नाही. "बस," तो म्हणाला, "शंभर पायऱ्या चढून आणलंय तुला." पायऱ्या बावीसच होत्या, पण मावशी बसली.

डाव्या हातानं तिनं पट्टी धरली. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट बटणापाशी नेलं, तेसुद्धा डोळ्यांनी रस्ता दाखवत दाखवत. बटण गोल, गुबगुबीत, धरायला छान. पण काजाच्या तोंडाशी गेलं की अडायचं. तिनं पुन्हा लावलं. पुन्हा अडलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

"थोडा आणखी जोर लावा, मावशी," ताई म्हणायची. गोड बोलायची, मनापासून बोलायची.

खिडकीजवळच्या टेबलावर एक निवृत्त कंडक्टर बसायचे. त्यांचाही उजवाच हात. फळी एकच, त्यामुळे त्यांचं झालं की मावशीकडे यायची. "पुढे चला, पुढे भरपूर जागा आहे," ते बटणाला म्हणायचे आणि बटण जागचं हलायचं नाही. "काय प्रवासी आहे बघा. दारातच उभा राहणार." अकरा आठवडे ते येत होते. अकरा आठवड्यांत एक बटण लागलं नव्हतं. सदऱ्याची बटणं सकाळी मुलगा लावून द्यायचा, ऑफिसच्या घाईत, त्यामुळे बरेचदा एक वर-खाली झालेलं असायचं. ते तसेच यायचे आणि दिवसभर तसेच राहायचे. काढून पुन्हा लावून दे म्हणायला त्यांना जड जात असावं.

चौथ्या दिवशी मावशीचा तोल सुटला. उजवा हात बाजूला टाकून तिनं धडधाकट डाव्या हातानं बटण काजात खुपसलं. गेलं. पण जाताना कुरकुरलं.

मावशी थांबली. तो आवाज कानाला ऐकू येण्याइतका नव्हता, बोटांना कळला होता. काजातून बटण जाताना काही कळता कामा नये, हा तिच्या धंद्यातला पहिला धडा. कळलं, की काज चुकलं.

तिनं फळी जवळ ओढली. काजाच्या कडेवरून नख फिरवलं, बटण बाजूनं पाहिलं. मग म्हणाली, "अहो, माझ्या पिशवीतला दोरा काढा."

"इथं?"

"काढा हो. बटणाभोवती एक वेढा द्या. घट्ट. आता तिथंच कापा. मधोमध दुमडा. आता काजाला लावून बघा."

बटणाभोवतीचा दोरा निम्मा केला की काजाची लांबी मिळते. बटण चपटं असो, फुगीर असो, दोरा खोटं बोलत नाही. नवऱ्यानं दोरा काजावर धरला. दोरा काजाबाहेर तांदळाच्या दाण्याएवढा उरला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," नवरा पुटपुटला.

"मला नाचता येत नाही, कबूल," मावशी म्हणाली. "पण अंगणही वाकडंच आहे. ताईला हाक मारा."

ताई आली, ऐकून घेतलं आणि हसून पाचही बटणं पटापट लावून दाखवली. "मला तर लागतात."

"तुझी बोटं पंचविशीची आहेत. तू विटेतूनसुद्धा बटण काढशील. ही बटणं कुणी लावली?"

"मीच. आधीची पातळ होती, फुटून फुटून गेली. मग मी मुद्दाम जाड आणली, धरायला सोपी जावीत म्हणून. रविवारी घरी बसून…" ताईचं बोलणं हळू होत गेलं. तिच्या हातात तो दुमडलेला दोरा होता आणि ती तो पुन्हा पुन्हा काजाला लावून बघत होती.

"कधी?"

"सहा महिने झाले."

ताईनं खिडकीकडे पाहिलं. कंडक्टर हातातला चेंडू दाबायचे थांबले होते.

"म्हणजे काजच लहान होतं?" त्यांनी विचारलं.

"मी रोज तुम्हाला सांगत होते, जोर लावा म्हणून," ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"मला वाटलं, हात गेला." ते रागावून बोलले नाहीत, नुसतं सांगितलं. थोड्या वेळानं त्यांनी चेंडू पुन्हा दाबायला घेतला.

आल्यापासून मावशीनं त्या मुलीला टोमणेच मारले होते. आता मात्र ती बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली. रविवारी घरी बसून, सुट्टीच्या दिवशी, दुसऱ्यांच्या बोटांसाठी पाच बटणं निवडणारी ही पोर.

"बटणं बरोबर आणलीस गं," ती म्हणाली. "बटण बदललं की काज बदलायचं असतं, एवढंच तुला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? इथं डॉक्टर येतात, काजवाली कुठं येते?" आणि मग नवऱ्याला, "स्क्रू काढा. ही पट्टी घरी न्यायची."

घरी नेली खरी, पण बाईचा हात कुठं होता काज करायला? काज नुसतं कापून मोठं करता येत नाही. कापलेली कड उसवते. जुने टाके काढायचे, चीर वाढवायची आणि सगळं पुन्हा विणायचं. मावशी खिडकीशी बसली. सुई डाव्या हातात. नवऱ्यानं दोरा ओवून दिला, मेणावरून ओढून दिला. पहिला टाका पडला तो भलतीकडेच. दुसरा त्याच्याहून लांब. कापड सारखं सरकत होतं, कारण ते धरायला दुसरा हात नव्हता.

"मी धरू?" नवऱ्यानं विचारलं.

"तुम्ही धरलं की मला दिसत नाही. तुमची बोटं आहेत का ब्रश?"

शेवटी तिनं डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि पट्टीवर ठेवून दिला. नुसता ठेवला, पुस्तकाचं पान उडू नये म्हणून दगड ठेवतात तसा. कापड सरकायचं थांबलं.

मावशी त्या हाताकडे बघत राहिली. सात आठवडे तिनं त्याच्याशी अबोला धरला होता. अंघोळीच्या वेळी, जेवताना, झोपताना तो कुठं ठेवायचा, हाच प्रश्न होता. ओझं होतं ते. आणि आता त्याचं ओझंच उपयोगी पडत होतं. "बस असाच," ती म्हणाली. नवऱ्याला वाटलं, आपल्यालाच म्हणाली. तोही जागचा हलला नाही.

पूर्वी एक काज चहा निवेपर्यंत व्हायचं. आता अख्खी सकाळ जायची. सुई आत, दोऱ्याचा वेढा, सुई बाहेर, गाठ कडेवर. दोरा ताणायला नवरा. "ओढा. एवढं नको! भिंत खरवडताय का?" मग हळूच, "हां. असं." डावा हात अडाणी होता, त्याला प्रत्येक टाका समजावून सांगावा लागे, आणि सांगताना मावशीला तो स्वतःलाच नव्यानं कळे. चौतीस वर्षांत तिनं काजं केली होती, पाहिली नव्हती. आता दिसत होतं, की प्रत्येक टाक्याला कडेवर एक इवलीशी गाठ येते, मोहरीहून बारीक. अशा पन्नास गाठी शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि मधल्या मोकळ्या जागेला सांभाळतात. सगळी मेहनत कडेला, आणि त्या मेहनतीतून हाती काय येतं? एक भोक. काहीच नसलेली जागा. पण त्या काहीच नसण्याला नीट कड असली, तरच माणसाच्या छातीवर कोट बसतो. दुपारच्या उन्हात ती पट्टी तिरपी करकरून बघत असे आणि नवऱ्यालाही दाखवत असे. "बघा हो." तो बघायचा. त्यालाही कडेचं काम कळत होतं. खिडकीच्या चौकटीला रंग देताना काचेवर थेंब न सांडणारा माणूस तो.

पाच सकाळी गेल्या. सहाव्या दिवशी पट्टी परत फळीवर बसली.

ताईनं फळी मावशीपुढे ठेवली. मावशीनं ती खिडकीकडे सरकवली. "ते माझ्या आधीचे आहेत. अकरा आठवड्यांचा नंबर आहे त्यांचा."

कंडक्टरांनी बटण धरलं. काजाच्या तोंडाशी आणलं आणि नेहमीप्रमाणे दात ओठांवर दाबून जोर लावला. त्या जोराची गरजच नव्हती. बटण आत गेलं आणि त्यांचा हात जोराच्या भरात पुढे जाऊन टेबलावर आपटला. सगळे दचकले. कंडक्टर फळीकडे बघत होते. बटण पलीकडे बाहेर आलेलं होतं, सरळ, कडेत नीट बसलेलं.

त्यांनी ते काढलं, पुन्हा लावलं. मग दुसरं. तिसऱ्याला बराच वेळ लागला. बोटं थकली होती. पण ते बोलत नव्हते, 'पुढे चला' नाही की काही नाही. तिसरं लागल्यावर त्यांनी फळी बाजूला ठेवली आणि स्वतःच्या सदऱ्याकडे पाहिलं. आजही एक बटण वर-खाली होतं. त्यांनी गळ्यापासून सुरुवात केली. सगळी काढली. मग खालून वर, एकेक करत, नीट लावायला घेतली. कुणी मदतीला गेलं नाही. ताई जाणार होती, मावशीनं तिचं मनगट धरलं.

शेवटचं बटण लागेपर्यंत तेवीस मिनिटं गेली. भिंतीवर घड्याळ होतं म्हणून कळलं. ते सदऱ्यावरून हात फिरवून म्हणाले, "मुलाला संध्याकाळी सांगायला हवं, उद्यापासून दहा मिनिटं जास्त झोप म्हणून."

चौतीस वर्षं मावशीनं केलेली काजं दाराबाहेर गेली ती गेली. बटण लावणारा माणूस तिनं कधी पाहिलाच नव्हता.

मग तिची पाळी आली. तिनं अंगठा बटणापाशी नेला. बटण काजाच्या तोंडाशी आलं आणि थांबलं. या वेळी काजाचा काही दोष नव्हता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? हातच पोचत नव्हता. गंमत म्हणजे तिला राग आला नाही. चूक कुठं आहे ते नीट कळलं, की काम करता येतं. "उद्या," ती म्हणाली.

घरी परत जाताना नवरा दोन पावलं पुढे आणि ती मागे. बसथांब्यावर रांग होती. वारा सुटला होता आणि एक बाई एका हातात पिशवी धरून दुसऱ्या हातानं कोटाचं बटण लावत होती, न बघता, कुणाशी तरी बोलता बोलता. मावशी थबकली. शाळेची एक मुलगी दप्तर सावरत बाहीचं बटण दातांनी ओढत होती. एक म्हातारा बाप की आजोबा, गुडघ्यावर बसून तान्ह्याच्या अंगरख्याचं नखाएवढं बटण लावत होता आणि तान्हं त्याच्या टकलावर थापट्या मारत होतं. सबंध रस्ताभर हे चाललं होतं. रोज सकाळी, प्रत्येक घरात, आरशापुढे आणि दाराआड हे चालत असणार. लाखो बटणं लाखो काजांतून जात असणार, आवाज न करता, कुणाचंही लक्ष नसताना. तिच्याच हातचं एखादं काज इथंच कुठंतरी असेल. नसेलही. ज्या कुणी केलं, त्यानं किती नीट केलं! तिला एकाएकी त्या सगळ्यांना हात जोडावेसे वाटले, आणि जोडायला एकच हात होता.

"अगं, लोकांच्या छातीकडे बघत काय उभी राहिलीस?" नवरा मागे येऊन म्हणाला. "मार खाशील आणि मलाही खायला लावशील."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं.

त्यानंतर नवव्या दिवशी उजव्या हातानं पहिलं बटण लागलं. महिना संपेपर्यंत दोन लागू लागली. तिसरं नाही. सुई तर त्या हातात अजून उभीच राहत नव्हती. डॉक्टर म्हणाले, आणखी सुधारेल, किती ते सांगता येत नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी टेलरमास्तर स्वतः आले. निरोप पाठवायला जीभ रेटली नसावी. दंडावर एक काळा कोट होता, त्या सातांतला एक. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, कोटाच्या कॉलरवरची नसलेली धूळ झटकली.

"मावशी, उद्या सगळे मशीनवाल्याकडे देतोय," ते म्हणाले. "तुम्हाला न सांगता देववेना."

"सहा द्या," मावशी म्हणाली. "हा ठेवा."

"हात?"

"डावा. एका सकाळी एक काज. त्याहून जास्त जमायचं नाही, आणि यांच्याशिवाय तेही जमायचं नाही." तिनं नवऱ्याकडे मान वळवली. "दोरा हे ओढतात."

मास्तरांनी कोटाकडे पाहिलं. कात्री एकदा चालली की मागे फिरत नाही, हे दोघांनाही सांगायची गरज नव्हती. गिऱ्हाइकानं इतके आठवडे ज्याची वाट बघितली तो कोट एका चुकीच्या चिरेनं वाया जातो.

"सगळ्यात खालचं करा," ते शेवटी म्हणाले. "खालचं बटण कुणी लावत नाही."

"मग ते तरी कशाला? वरचं करते."

मास्तरांनी कोट तिच्यापुढे केला. मावशीनं कोट मांडीवरच्या पाटावर घेतला, उजवा हात उचलून कापडावर ठेवला आणि तो नीट बसला का ते पाहिलं. डाव्या हातात कात्री घेतली. चीर दिली. मग सुई आत, वेढा, सुई बाहेर. नवऱ्यानं दोरा ताणला. "हां," ती म्हणाली.

मास्तर निघायला उठले होते, ते पुन्हा बसले. चहा आला, निवला, साय धरली. ऊन खिडकीतून पाटावर आणि पाटावरून जमिनीवर गेलं. दोनदा मावशीनं टाका उसवून पुन्हा घातला. साडेअकराला तिनं शेवटची गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला.

मास्तरांनी कोट खिडकीपाशी नेला. काज समोरून पाहिलं नाही. आधी उलट्या बाजूनं पाहिलं, कारण काम तिथं कळतं. नखानं कड चाचपली. खिशातून एक बटण काढून काजात घातलं, काढलं, पुन्हा घातलं. एका टोकाला गाठी किंचित वाकड्या होत्या. त्यावर त्यांचं बोट थांबलं आणि पुढे सरकलं.

मग ते परत येऊन बसले, कोट पाटावर पसरला, खिशातून खडू काढला, पट्टीनं अंतर मोजलं आणि दुसऱ्या काजाची खूण केली.

मावशीनं सुई नवऱ्यापुढे धरली. "ओवून ठेवा," ती म्हणाली. "उद्यासाठी."